क्राउडफंडिंगचा जनक कोण? मॅरिलियन आणि त्याच्या चाहत्यांच्या इतिहासातील एक अर्धसत्य

१/
इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा करून कलानिर्मिती करण्याच्या पद्धतीला आज क्राउडफंडिंग म्हणतात. ही पद्धत मॅरिलियन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने शोधून काढली, असे विधान संगीताच्या इतिहासावरील लेखनात वारंवार आढळते. विधान सर्वस्वी खोटे नाही. मात्र त्यात तीन गोष्टी झाकल्या जातात : पुढाकार नेमका कोणाचा होता, त्यामागचे भांडवल कोठून आले आणि ही पद्धत मुळात किती जुनी आहे. हे तीन प्रश्न तपासले, की श्रेयाची वाटणी बरीच बदलते.

२/
प्रथम पार्श्वभूमी. १९६९ साली किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकचे युग सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर हे त्या युगाचे मानकरी. वीस-वीस मिनिटांच्या रचना, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ यांचे संस्कार, मेलोट्रॉन आणि सिंथेसायझर, संपूर्ण अल्बमभर चालणारे एकच कथानक, ही त्याची लक्षणे. १९७६-७७ मध्ये पंक आले. तीन मिनिटांची खडबडीत गाणी गाणाऱ्या नव्या पिढीने या पसाऱ्याला अहंकारी आणि कालबाह्य ठरवले. ब्रिटिश संगीतपत्रांनीही तोच निकाल उचलून धरला.

३/
हा निकाल लागून गेल्यावर, १९७९ साली, लंडनच्या वायव्येस असलेल्या एल्सबरी या बाजारगावात एक बँड जन्माला आला. टॉल्किनच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द सिल्मरिलियन' या ग्रंथावरून त्याने सिल्मरिलियन हे नाव घेतले आणि पुढे सुरुवातीचा भाग गाळून ते मॅरिलियन केले. ड्रमवादक मिक पॉइंटर संस्थापकांपैकी. गिटारवादक स्टीव्ह रॉदरी त्याच वर्षी आला. १९८१ च्या आरंभी फिश या टोपणनावाने ओळखला जाणारा डेरेक डिक हा धिप्पाड स्कॉटिश गायक दाखल झाला. पाठोपाठ कीबोर्डवर मार्क केली आणि बास गिटारवर पीट ट्रेवॅव्हस आले.

४/
फॅशन उलटून गेलेल्या शैलीत गाणाऱ्या बँडला वृत्तपत्रांकडून आधाराची अपेक्षा ठेवता येत नव्हती. चेहरा रंगवून रंगमंचावर अभिनय करणारा फिश पाहून समीक्षकांना पीटर गॅब्रिएलच्या काळातील जेनेसिसची नक्कल आठवत असे. आयक्यू, पॅलास, पेंड्रॅगन, ट्वेल्थ नाइट या समकालीन बँडांबरोबर मॅरिलियनवरही 'निओ-प्रोग' हा शिक्का बसला आणि तो कौतुकाचा नव्हता. श्रोते मिळाले ते प्रत्यक्ष कार्यक्रमांतून. एल्सबरीतील फ्रायर्स, लंडनमधील मार्की अशा क्लबांत एकदा आलेला श्रोता पुन्हा येई आणि येताना मित्राला घेऊन येई. ज्याची आवड बाहेर चेष्टेचा विषय होते, त्याला आपल्यासारखी चार माणसे भेटणे किती मोलाचे वाटते, हे लक्षात घेतल्याखेरीज या चाहत्यांची पुढची निष्ठा समजणार नाही.

५/
१९८२ मध्ये ईएमआय या बलाढ्य कंपनीने बँडशी करार केला. १९८३ चा पहिला अल्बम 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर' ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर गेला. १९८४ चा 'फुगाझी' पाचव्या क्रमांकावर पोहोचला. त्याच वर्षी ड्रमवादक इयन मोझली आला. १९८५ चा 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातील 'केली' हे गाणे एकेरी गाण्यांच्या यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. कालबाह्य ठरवलेल्या शैलीतील, एका सलग कथासूत्राने बांधलेला हा अल्बम होता. या यशात ईएमआयचा पैसा, जाहिरात आणि वितरणाचे जाळे यांचा वाटा मोठा होता. ही नोंद पुढे उपयोगी पडणार आहे.

६/
याच काळात चाहत्यांची संघटना उभी राहिली. बँडच्या अधिकृत चाहतामंडळाचे नाव 'द वेब'. पहिल्या अल्बममधील एका गाण्याचेही नाव तेच. टिम बर्नर्स-लीने वर्ल्ड वाइड वेबचा पहिला प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला. एल्सबरीच्या बँडचे 'वेब' त्याआधीच टपालाने विणले जात होते. सदस्यत्व, पत्रिका, पत्रव्यवहार या जुन्या साधनांनी निरनिराळ्या देशांतील श्रोते एकमेकांच्या ओळखीचे झाले. नव्वदच्या दशकात इंटरनेट आले तेव्हा हा समाज आधीच अस्तित्वात होता. त्याला फक्त वेगवान टपाल मिळाले.

७/
१९८८ मध्ये फिश बाहेर पडला. शब्द त्याचे, चेहरा त्याचा, आवाज त्याचा. बँड संपला असे अनेकांनी धरून चालले. १९८९ मध्ये स्टीव्ह होगार्थ हा नवा गायक घेऊन 'सीझन्स एंड' आला. होगार्थने पूर्वसुरीची नक्कल केली नाही आणि बँडनेही त्याच्याकडे ती मागितली नाही. चाहत्यांत मात्र फिशपर्व श्रेष्ठ की होगार्थपर्व, हा वाद पेटला आणि तो आजही शमलेला नाही. या वादाचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही. केवळ प्रसिद्धीमुळे जोडलेले श्रोते गळून पडले आणि बँडने बदलावे हे मान्य असलेले श्रोते उरले. पुढील दशकाचा इतिहास या उरलेल्यांनी घडवला.

८/
१९९४ चा 'ब्रेव्ह' हा या काळातील सर्वांत महत्त्वाकांक्षी अल्बम. सेव्हर्न नदीवरील पुलावर सापडलेल्या, आपली ओळख सांगण्यास नकार देणाऱ्या एका मुलीविषयी होगार्थने रेडिओवर ऐकलेले निवेदन हे त्याचे बीज. आज चाहते त्याला शिखर मानतात. त्या वेळी व्यापारी हिशेबात तो उणा ठरला. १९९५ च्या 'अफ्रेड ऑफ सनलाइट'नंतर ईएमआयशी असलेला संबंध संपला. बँड कॅसल या छोट्या कंपनीकडे गेला. १९९७ मध्ये 'धिस स्ट्रेंज इंजिन' आला, तेव्हा अमेरिकेचा दौरा करण्याइतका पैसा कोणाकडेच नव्हता.

९/
येथे दौऱ्याचे अर्थकारण समजून घ्यावे लागते. मध्यम आकाराच्या बँडला दुसऱ्या खंडात दौरा करायचा, तर विमानभाडे, वाद्यांची वाहतूक, बस, तंत्रज्ञांचे वेतन, व्हिसा हा खर्च तिकीटविक्रीपेक्षा सहज पुढे जातो. ही तूट रेकॉर्ड कंपनी भरून काढत असे, कारण दौऱ्यामुळे अल्बम खपत. कंपनीने हात आखडता घेतला, की श्रोते असूनही दौरा अशक्य होतो. चाहत्यांच्या ई-मेलवरील चर्चागटात मार्क केलीने हीच अडचण स्पष्ट शब्दांत सांगितली. त्यामागे मदतीची याचना नव्हती. अमेरिकेत का येत नाही, या प्रश्नाचे ते सरळ उत्तर होते.

१०/
त्यावर अमेरिकेतील चाहत्यांनी स्वतःच निधी उभारण्याचे ठरवले. बँकेचे खाते चाहत्यांनी उघडले, पैसे चाहत्यांनी मागितले, हिशेब चाहत्यांनी ठेवला. सुमारे ६०,००० डॉलर जमले आणि १९९७ मध्ये दौरा झाला. पैसे दिले म्हणून कोणाच्या हाती मालकीचा तुकडा आला नाही. एका दूरच्या शहरातील कार्यक्रमाला आपण जाऊ शकणार नाही हे ठाऊक असतानाही कोणी पैसे पाठवावेत, हे व्यापाराच्या तर्कात बसत नाही. लोकवर्गणीच्या तर्कात ते नेमके बसते.

११/
म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९९७ च्या प्रसंगात मॅरिलियन लाभार्थी होता. पुढाकार चाहत्यांचा होता. तरीही पुढील बहुतेक लेखनात क्रियापदाचा कर्ता बँड झाला. इतिहासलेखनात हे नेहमी घडते. ज्याचे छायाचित्र उपलब्ध असते, ज्याची मुलाखत घेता येते, त्याच्या नावे घटना जमा होते. मंदिर बांधणाऱ्या राजाचे नाव शिलालेखात राहते. दगड वाहणाऱ्यांची संख्यासुद्धा राहत नाही. चाहत्यांचा इतिहास बँडच्या इतिहासाची तळटीप मानला गेल्यामुळे कर्त्याची ही अदलाबदल कोणाला खटकली नाही.

१२/
बँडचे स्वतःचे श्रेय पुढच्या टप्प्यावर सुरू होते, आणि ते लहान नाही. नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर कॅसलशी असलेला करार संपला होता. नव्या कंपनीकडून आगाऊ रक्कम घ्यायची, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे हक्क तिच्या हवाली करायचे. त्याऐवजी बँडने आपल्या यादीतील चाहत्यांना ई-मेल करून विचारले : न लिहिलेल्या, न वाजवलेल्या अल्बमचे पैसे आधी द्याल का? होकार आले. अल्बम तयार होण्यापूर्वीच १२,६७४ प्रतींची नोंदणी झाली आणि २००१ मध्ये 'अनोरॅक्नोफोबिया' प्रकाशित झाला.

१३/
या शीर्षकात एक विनोद आहे. ब्रिटिश बोलीत 'अनोरॅक' म्हणजे टोपी असलेला पावसाळी कोट. आणि एखाद्या विषयाच्या नादी लागून त्यातील बारीकसारीक तपशील पाठ करणाऱ्या माणसालाही थट्टेने अनोरॅकच म्हणतात. कोळ्यांच्या भीतीला जो इंग्रजी शब्द आहे, त्यात हा कोट घुसवून शीर्षक तयार झाले. ज्या वेडसर चाहत्यांची जग चेष्टा करत होते, त्यांच्याच पैशाने तयार झालेल्या अल्बमला त्यांच्याच टिंगलीचे नाव देण्यात आले. पुढे ईएमआयने हा अल्बम वितरणासाठी घेतला. कंपनी तीच, पण या वेळी हक्क बँडकडे राहिले.

१४/
१९९७ आणि २००१ या दोन घटना नेहमी एका दमात सांगितल्या जातात. त्यांत मूलभूत फरक आहे. पहिली देणगी होती, दुसरी आगाऊ खरेदी. पहिलीत पैसा मागणारे आणि देणारे एकाच बाजूला होते; दुसरीत मागणारा निर्माता होता आणि देणारा ग्राहक. पहिलीने विश्वास आहे हे सिद्ध केले. दुसरीने त्या विश्वासावर व्यवसाय उभा केला. आजच्या क्राउडफंडिंगचे कूळ दुसऱ्या घटनेशी जुळते. परंतु पहिली घडली नसती, तर दुसरी मागणी करण्याचे धैर्य बँडला झाले असते का, याची शंकाच आहे.

१५/
तिसऱ्या प्रश्नाकडे वळू : ही पद्धत नवी होती का? मराठी ग्रंथव्यवहारात जिला प्रकाशनपूर्व नोंदणी म्हणतात, ती युरोपात अठराव्या शतकातच रूढ होती. अलेक्झांडर पोपचे 'इलियड'चे इंग्रजी भाषांतर १७१५ ते १७२० या काळात वर्गणीदारांच्या बळावर सहा खंडांत निघाले आणि सुमारे ५७५ वर्गणीदारांची नावे ग्रंथात छापली गेली. १७८४ मध्ये व्हिएन्नातील आपल्या मैफलींच्या १७४ वर्गणीदारांची यादी मोझार्टने वडिलांना पत्रातून कळवली होती. बेथोव्हनच्या १७९५ च्या पहिल्या प्रकाशित कृतिसंग्रहालाही वर्गणीदार होते.

१६/
अमेरिकेतील उदाहरण तर अधिकच जवळचे. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मधून आवाहन केले. लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती आणि देणगीदारांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली. २००४ मध्ये मॅरिलियनने 'मार्बल्स'च्या विशेष आवृत्तीत आगाऊ नोंदणी करणाऱ्यांची नावे छापली, ती याच जुन्या प्रथेला धरून. त्या मोहिमेतील पैशातून प्रसिद्धीचा खर्चही भागला आणि 'यू आर गॉन' हे गाणे ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर गेले. १९८७ नंतर पहिल्या दहांत जाणारे ते बँडचे पहिले गाणे.

१७/
मग १९९७ मध्ये नवे काय होते? पोप, मोझार्ट, पुलित्झर या सर्वांच्या बाबतीत आवाहन वरून खाली येत होते. कवी, संगीतकार किंवा संपादक मध्यभागी होता आणि वर्गणीदार त्याच्याशी स्वतंत्रपणे जोडलेले होते. वर्गणीदार एकमेकांशी बोलत नसत. १९९७ मध्ये वर्गणीदार आधीच एकमेकांशी बोलत होते. आवाहन त्यांनीच एकमेकांना केले आणि ज्याच्यासाठी निधी, तो मध्यभागी नव्हताच. वर्गणी जुनी, ई-मेल नवे. परंतु खरे नावीन्य या उलटलेल्या दिशेत आहे. नेमका हाच भाग 'मॅरिलियनने शोध लावला' या वाक्यात पुसला जातो.

१८/
आता भांडवलाचा प्रश्न. कंपन्यांविना कला जगू शकते, याचा पुरावा म्हणून मॅरिलियनचे उदाहरण उत्साहाने दिले जाते. येथे ईएमआयची नोंद आठवावी. २००१ मध्ये ज्या हजारोंनी आगाऊ पैसे दिले, त्यांतील असंख्यांनी हा बँड प्रथम ऐकला तो ऐंशीच्या दशकात, ईएमआयने छापलेल्या आणि जगभर पोहोचवलेल्या तबकड्यांवर. कंपनीने पेरलेल्या शेताचे पीक कंपनीविना काढता आले, एवढेच या उदाहरणाने सिद्ध होते. नवे शेत तसेच पेरता येईल, हे त्याने सिद्ध झालेले नाही. आज शून्यातून सुरुवात करणाऱ्या बँडला हे उदाहरण दाखवताना मधली पंधरा-सोळा वर्षे गाळू नयेत.

१९/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आश्रयदाताच श्रोता झाला, तर कलावंत त्याच्या आवडीचा कैदी होत नाही का? जुने लोकप्रिय संगीत पुन्हा पुन्हा वाजवण्याचा मोह येथे सर्वांत मोठा असतो. मॅरिलियनच्या बाबतीत उलट घडलेले दिसते. २०१२ च्या अल्बममधील सतरा मिनिटांची 'गाझा' ही रचना अनेक चाहत्यांना न रुचण्याचा धोका पत्करून आली. २०१६ चा अल्बम धनसत्तेवरील दीर्घ भाष्य होता आणि तो ब्रिटिश यादीत चौथा आला. गायक बदलला तरी टिकलेला श्रोतृवर्ग होता, म्हणून हे शक्य झाले. तरीही किंमत मोजावी लागलीच. वर्तुळ घट्ट झाले, की बाहेरचा श्रोता आत येणे अवघड होते. आणि या बँडचे नाव नव्या पिढीतील बहुतेकांना अनोळखी आहे.

२०/
तंत्र वेगळे काढून विकता येते, विश्वास विकता येत नाही, याचा पुरावा पुढच्या काळाने दिला. २००८ मध्ये इंडिगोगो, २००९ मध्ये किकस्टार्टर सुरू झाले. त्याच सुमारास संगीतासाठी प्लेजम्युझिक ही कंपनी निघाली; मॅरिलियननेही २०१६ च्या अल्बमसाठी तिचा आधार घेतला होता. २०१९ मध्ये प्लेजम्युझिक कोसळली. चाहत्यांनी विशिष्ट कलावंतांसाठी दिलेला पैसा तिच्या हाती होता आणि तो अनेक कलावंतांपर्यंत पोहोचलाच नाही. १९९७ च्या खात्याचा हिशेब ठेवणारा माणूस पैसे देणाऱ्यांच्या गटातलाच होता. २०१९ पर्यंत त्या जागी एक अनोळखी मध्यस्थ येऊन बसला होता. कंपन्यांचा मध्यस्थ दूर करण्यासाठी निघालेल्या पद्धतीने दुसरा मध्यस्थ निर्माण केला.

२१/
२०२१ मध्ये महासाथीच्या काळात मॅरिलियनला ब्रिटनचा दौरा करायचा होता. पथकातील कोणाला कोविड झाल्यामुळे दौरा रद्द झाला, तर होणाऱ्या नुकसानीचा विमा मिळत नव्हता. बँड पुन्हा चाहत्यांकडे गेला. त्यांनी ठेवीसारखी रक्कम द्यायची. दौरा पार पडला तर ती परत घ्यायची, मोडला तर तिच्यातून नुकसान भरायचे. दौरा मोडला तर पैसे जाणार, हे ठाऊक असूनही चाहत्यांनी ती जोखीम उचलली. पुढच्याच वर्षी आलेला अल्बम ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

२२/
तेव्हा प्रचलित विधान दुरुस्त करून असे लिहावे लागेल : वर्गणीची प्रथा अठराव्या शतकापासून चालत आली होती, ईएमआयच्या पैशाने आणि क्लबांतील कार्यक्रमांनी एक श्रोतृसमाज घडला, १९९७ मध्ये त्या समाजाने इंटरनेटवर ती प्रथा स्वतःच्या हाताने नव्याने सुरू केली, आणि २००१ मध्ये मॅरिलियनने तिच्यावर आपले स्वातंत्र्य उभे केले. हे वाक्य लांब आहे, मथळ्यात मावणारे नाही. परंतु 'अमुकाने शोध लावला' अशी आखूड वाक्ये जेथे जेथे भेटतील, तेथे तेथे वाचकाने आधी क्रियापदाचा कर्ता तपासावा. १९९७ साली ज्यांनी पाकिटात धनादेश घालून पाठवले, त्यांचे इतिहासाकडे एवढे तरी येणे लागते.